एकूण की एकुण?

बालमित्रांनो, घरात पाककृतीचं पुस्तक असेल तर जरा उघडून पाहा. वर साहित्य, खाली कृती. साहित्यात 'डाळीचं पीठ' लिहिलंय आणि कृतीत 'बेसन भिजवा' म्हटलंय, तरी आईचं काही अडत नाही. दोन्ही एकच, हे तिला ठाऊक असतं. पण कॉम्प्युटर आईइतका शहाणा नसतो बरं का! त्याच्या लेखी दोन नावं म्हणजे दोन वस्तू.

हे मला इथे नांदगावात बसून चांगलंच कळलं. मराठी विकिपीडिया तुम्ही पाहिला असेल. 2003 साली सुरू झालेल्या या ज्ञानकोशात कुणालाही लिहिता येतं. गावाच्या पानावर कडेला माहितीची एक चौकट दिसते. ती दर वेळी नव्याने आखत नाहीत. तिचा साचा एकदाच बनवलेला असतो, आपण फक्त रिकाम्या जागा भरायच्या. प्रत्येक जागेला नाव असतं : 'स्थानिक_नाव', 'जिल्हा', 'लोकसंख्या_एकूण'. प्रोग्राम लिहिणारे अशा जागांना 'पॅरामीटर' म्हणतात.

एका सुट्टीत मी एका लहानशा गावाचं पान लिहायला बसले. सगळं भरलं आणि पाहते तर काय, लोकसंख्येची ओळच गायब! आकडा चार वेळा तपासला. तो बरोबरच होता. शेवटी माझ्या लेकीने पडद्यावर बोट ठेवलं, "आई, एकूणमधल्या 'कू'ला दुसरा उकार ना?" मी 'एकुण' लिहिलं होतं! रोज फळ्यावर शुद्धलेखन शिकवणारी मी!

गंमत म्हणजे साच्याने तक्रार केलीच नाही. अनोळखी नाव दिसलं की तो ते गुपचूप सोडून देतो. पायथन भाषेतलं फंक्शन सहसा असं करत नाही. त्याला चुकीच्या नावाने काही दिलं, तर ते तिथेच थांबतं आणि 'हे नाव माझ्याकडे नाही' असं सांगतं. बोलकी चूक परवडली, मुलांनो. मुकी चूक फार दिवस लपून बसते.

इथे चूक माझी होती. पण उलटंही होऊ शकतं. साचा कसा वापरायचा हे सांगणारं माहितीपान वेगळं असतं. समजा, कुणी साच्यात 'लोकसंख्या_एकूण'चं 'एकूण_लोकसंख्या' केलं आणि माहितीपान तसंच राहिलं. मग ते वाचून अगदी शुद्ध लिहिणाऱ्याचीही जागा रिकामीच! बिचारा स्वतःलाच दोष देत बसणार. म्हणून आत नाव बदललं की त्याच बैठकीत माहितीपानही बदलायचं. आणि आधी लिहिलेल्या पानांचं काय? साच्याला सांगता येतं, 'आधी नवं नाव शोध, नाही सापडलं तर जुनं घे.' म्हणजे जुनी पानंही मोडत नाहीत.

कागद आणि प्रोग्राम यांचं जमलं नाही, तर किती महागात पडतं! अमेरिकेचं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान 23 सप्टेंबर 1999 रोजी मंगळाजवळ नष्ट झालं. लेखी ठरलं होतं, आकडे न्यूटन-सेकंदात द्यायचे. पृथ्वीवरचा एक प्रोग्राम ते पाउंड-सेकंदात देत होता. एक पाउंड-बल म्हणजे सुमारे 4.45 न्यूटन! तिथे नाव नव्हे, एकक चुकलं होतं. पण दुखणं तेच, लिहिलेलं एक आणि चाललेलं दुसरं.

आता एक खेळ. चहाची कृती लिहा. वर साहित्य, खाली कृती. चिठ्ठी घरच्या कुणालाही द्या आणि सांगा, "साहित्यात जे नाव आहे तेच ओळखायचं, दुसरं नाही!" वर 'चहा पावडर' आणि खाली 'पत्ती' लिहिलं असेल, तर मिळेल नुसतं गोड दूध-पाणी. आई-बाबांनो, हसा, पण ते पिऊनही दाखवा हं!