पहिलं विणकाम कोणतं घ्यावं?

थंडी पडू लागली की वाशिम, कारंजा, मंगरूळपीरच्या बाजारांत लोकरीचे रंगीत गुंडे दिसू लागतात आणि आम्हाला दर वर्षीचा सवाल येतो, "विणायला शिकायचंय, सुरुवात कशापासून करू?" विचारणाऱ्या बहुतेकींनी उत्तर मनात आधीच ठरवलेलं असतं. स्वेटर! तोही दुसऱ्या कुणासाठी.

आमचं मत विचाराल तर पहिल्या वेळी स्वेटर घेऊच नका. हिशेब करून पाहा. पाठीचा भाग शंभर टाक्यांचा आणि दीडशे ओळींचा धरला तरी पंधरा हजार टाके झाले. पुढचा भाग, बाह्या आणि गळा वेगळेच. नवख्या हाताला एक ओळ विणायला दहा मिनिटं लागतात. घरकाम, शेतातली तूरवेचणी आणि मुलांचा अभ्यास सांभाळून हे होईपर्यंत आपल्याकडची थंडी निघून जाते.

आमच्या एका विद्यार्थिनीच्या अम्मीने असंच केलं. मुलीचे अब्बा ट्रक चालवतात, रात्री-बेरात्री रस्त्यावर असतात, म्हणून मोठ्या हौसेने गडद निळी लोकर आणली. वीतभर विणून झालं, टाके कुठे वाढले कुठे गळले ते कळेना, आणि ते काम ट्रंकेत गेलं. दोन हिवाळे ते तिथेच होतं. मुलगी आम्हाला म्हणाली, "अम्मी म्हणते, माझ्या हातात हुनरच नाही." हे वाक्य ऐकून मात्र आम्हाला राहवलं नाही. हुनर होता, काम चुकीचं निवडलं होतं. पुढे काय झालं ते खाली येईलच.

पहिलं काम म्हणून आम्ही चौकोन सांगतो. आठ नंबरच्या सुया घ्या, म्हणजे चार मिलिमीटर जाडीच्या. आपल्याकडे नंबर जितका मोठा तितकी सुई बारीक, हे दुकानात लक्षात ठेवा. बारा नंबर मोठा वाटतो म्हणून उचलाल आणि बारीक टाक्यांत डोळे शिणवाल. लाकडी किंवा बांबूच्या सुया मिळाल्या तर उत्तम, त्यांवरून टाके सहसा निसटत नाहीत. धागा मध्यम जाडीचा, गुळगुळीत, एकरंगी आणि फिका. काळ्या-निळ्या धाग्यात टाका दिसत नाही आणि केसाळ लोकरीत चुकलेली ओळ उसवता येत नाही.

आता चाळीस टाके घाला. साधारण वीतभर रुंदी होते. प्रत्येक ओळ सुलट विणत जा. दोन ओळी झाल्या की कापडावर एक आडवी वरंबी उठते. चाळीस टाके आणि चाळीस वरंब्या झाल्या की चौकोन पूर्ण, मोजपट्टी न लावता कळतं. एक ओळ सुलट, एक उलट अशी वीण दिसायला देखणी, पण तिच्या कडा आपोआप गुंडाळतात आणि शिकणारीला वाटतं आपणच बिघडवलं. ती वीण नंतर शिका.

(इथे भाषेचीही गंमत आहे. आपल्या घरात दादी 'सीधा फंदा, उल्टा फंदा' म्हणतात, मराठी शेजारीण 'सुलट टाका, उलट टाका' म्हणते, दोन्ही एकच. पण दादींनी 'ऊन' मागितलं तर शेजारीण आधी अंगणाकडे बघते!)

प्रत्येक ओळीनंतर टाके मोजा. एवढं एक पथ्य पाळलं तर निम्मी रड संपते. ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे ओढला गेला तर पहिला टाका दोन असल्यासारखा दिसतो, दोन्ही विणले जातात आणि चौकोनाचा हळूहळू समोसा होतो. टाका गळला तर घाबरून ओढू नका. क्रोशाच्या सुईने खालून एकेक पायरी वर उचलून घ्या.

चौकोन सुती धाग्याचा केलात तर तोंड पुसायला, भांडी घासायला कामी येतो. ॲक्रिलिकचा असेल तर चुलीजवळ नेऊ नका, गरम भांडं धरायला तर मुळीच नाही. बाजारात लोकर म्हणून मिळतं त्यातलं बरंचसं ॲक्रिलिक असतं आणि ते आचेने वितळतं. आपल्या भागात कापूस पिकतो, तेव्हा सूत कमी दर्जाचं समजायचं कारण नाही. आज जगात टिकून असलेल्या सर्वांत जुन्या विणकामात इजिप्तमधले मोजे येतात, अकराव्या ते चौदाव्या शतकांतले, आणि ते निळ्या-पांढऱ्या सुताचे आहेत. स्पेनमध्ये बुर्गोस इथे १२७५ साली वारलेल्या शहजादा फर्नांडोच्या कबरीत विणलेली उशी सापडली. तिच्या कडेला कूफी अक्षरांत 'बरकत' हा अरबी शब्द विणलेला आहे. जाणकार ती मुस्लिम कारागिरांच्या हातची मानतात.

दुसरं काम बाळाची टोपी. घरात पाळणा हलणार असेल तर हिच्यासारखं काम नाही, कारण नवजात बाळाच्या अंगातली बरीच ऊब डोक्यावाटे जाते आणि कमी वजनाच्या बाळाला पौषातली रात्र सोसत नाही. बाळाच्या डोक्याचा घेर साधारण पस्तीस सेंटिमीटर. विणलेलं कापड ताणतं, म्हणून चौसष्ट टाके पुरतात. मऊ धाग्याने चौसष्ट ओळी सुलट विणा. मग टाके बंद न करता धागा लांब तोडून जाड सुईने सगळ्या टाक्यांतून ओवा, ओढून घट्ट बांधा, बाजू शिवा. सगळे मिळून चार हजारांच्या आसपास टाके. बटण, मणी, नाडी काही लावू नका, ते बाळाच्या तोंडात जातं. घालण्याआधी एकदा धुवा. ऊब वाढली, बाळाला घाम आला तर टोपी काढा.

ट्रंकेतल्या त्या निळ्या लोकरीचं आम्ही माय-लेकींना उसवायला सांगितलं. उसवलेला धागा कुरळा होतो, म्हणून त्याची सैल लडी करून कोमट पाण्यात बुडवली, न पिळता वाळवली, की तो सरळ झाला. आधी आईने पांढऱ्या सुताचे दोन चौकोन केले, मग त्याच निळ्या लोकरीचे चाळीस टाके घालून मफलर. ट्रकच्या काचेतून रात्री वारा येतो, तेव्हा अब्बा तो कानावरून गुंडाळतात, असं मुलीने सांगितलं. एका ठिकाणी टाका गळलेला आहे. त्यांना तो दिसलेला नाही.

रिसोडच्या एका भगिनीने विचारलं आहे, मुलगी डावखुरी आहे, तिला कसं शिकवू? तिला शेजारी न बसवता समोर बसवा. तुमचा उजवा हात तिला आरशातल्यासारखा डाव्या बाजूला दिसेल, तो पाहून ती आपोआप विणेल.