लढाईमागची जहाजे

मुंबईकरांना ‘विराट’ ही विमानवाहू नौका ठाऊक आहे. १९८७ मध्ये ती आपल्या नौदलात आली, २०१७ मध्ये मुंबईत निवृत्त झाली आणि पुढे अलंगच्या किनाऱ्यावर भंगारात गेली. तिचे आधीचे नाव ‘हर्मिस’. १९८२ च्या फॉकलंड युद्धात ती ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती. त्या युद्धाचा विषय निघाला की हॅरियर विमाने आणि एक्झोसेट क्षेपणास्त्रे यांचीच चर्चा होते. सैनिक, शिधा आणि दारूगोळा वाहून नेणाऱ्या जहाजांकडे फारसे कुणाचे लक्ष जात नाही.

२ एप्रिल १९८२ रोजी अर्जेंटिनाने ही बेटे घेतली. अर्जेंटिनाच्या किनाऱ्यापासून ती जेमतेम ५०० किलोमीटर, तर ब्रिटनपासून सुमारे १३ हजार. तरीही तीन दिवसांत पहिल्या नौका निघाल्या. नौदलाकडे एवढी वाहतूक करणारी जहाजे नव्हतीच. तेव्हा सरकारने खासगी कंपन्यांची जहाजे ताब्यात घेतली. जगाची सफर संपवून ७ एप्रिलला परतलेले ‘कॅनबेरा’ हे प्रवासी जहाज ९ तारखेला दोन हजारांवर सैनिक घेऊन निघाले. त्याच्या पोहण्याच्या तलावावर हेलिकॉप्टरसाठी लोखंडी तळ ठोकण्यात आला! शाळकरी मुलांना सागरी सहलीवर नेणाऱ्या ‘युगांडा’ची मुले नेपल्सला उतरवली गेली आणि जिब्राल्टरला तिचे इस्पितळ झाले.

या घाईत सामान मात्र हाती येईल तसे भरले गेले. घर बदलताना चहाचे भांडे ट्रकच्या तळाशी जावे, तशातला प्रकार. वाटेतल्या असेन्शन बेटाजवळ ते उपसून, लढाईत आधी काय लागेल या हिशेबाने पुन्हा रचावे लागले. विमानांनी हे काम का केले नाही, असे कुणी विचारील. त्याच असेन्शनवरून एक व्हल्कन बॉम्बफेकी विमान २१ बॉम्ब घेऊन स्टॅन्लेला गेले, तेव्हा इंधन पुरवायला ११ टँकर विमाने उडवावी लागली. धावपट्टीवर पडला एकच बॉम्ब.

समुद्राचा मार्ग असा भरवशाचा, पण एकच जहाज बुडाले तर काय होते, हे २५ मे रोजी दिसले. ‘अटलांटिक कन्व्हेयर’ या मालवाहू जहाजाला दोन एक्झोसेट लागली. कॅप्टन इयन नॉर्थ यांच्यासह १२ जण गेले. तीन चिनूक आणि सहा वेसेक्स हेलिकॉप्टरे, शिवाय सैन्याचे तंबू जळाले. एक चिनूक त्या वेळी हवेत होते म्हणून वाचले. हेलिकॉप्टरने जायचे ते सैनिक मग सान कार्लोसहून चाळीसेक किलोंचे ओझे पाठीवर घेऊन, चिखलातून, ऐन थंडीत स्टॅन्लेकडे चालत निघाले. हेलिकॉप्टरांची टंचाई होती म्हणून दुसऱ्या तुकड्या समुद्रमार्गे पाठवल्या गेल्या. त्यांतल्या ‘सर गॅलाहॅड’वर ८ जूनला बॉम्ब पडले आणि ४८ माणसे मेली. दोन आठवड्यांपूर्वी बुडालेल्या जहाजाचा हिशेब असा मागाहून चुकता झाला.

आणि अर्जेंटिना? इतक्या जवळ असूनही ब्रिटिश पाणबुड्यांच्या धास्तीने त्यांचा सागरी पुरवठा आटला. स्टॅन्लेची धावपट्टी लढाऊ जेट विमानांना पुरेल इतकी लांब नव्हती आणि ती वेळेत वाढवली गेली नाही. त्यामुळे त्यांच्या वैमानिकांना मुख्य भूमीवरून यावे लागे आणि बेटांवर काही मिनिटेच मिळत. स्टॅन्लेत अन्न साठलेले असताना डोंगरावरच्या खंदकांत कोवळी पोरे उपाशी होती. गावापासून डोंगरापर्यंतचे अंतर ते काय! रसद तुटलेल्या फौजेचे काय होते, हे पानिपत माहीत असणाऱ्या मराठी वाचकाला वेगळे सांगायला नको. १४ जूनला अर्जेंटिनाच्या फौजेने शरणागती पत्करली.

आज अशी जहाजे ताब्यात घ्यायची तर कोणाची? मालक एका देशाचा, नोंदणी पनामाची किंवा लायबेरियाची, खलाशी भारताचे नाहीतर फिलिपीन्सचे. ६ मार्च २०२४ रोजी एडनच्या आखातात ‘ट्रू कॉन्फिडन्स’ या मालवाहू जहाजावर हूथींचे क्षेपणास्त्र आदळले. तीन खलाशी गेले. आपल्या ‘आयएनएस कोलकाता’ने २१ जणांना बाहेर काढले, त्यांत एक भारतीय होता. यांपैकी कोणीही कोणत्याही फौजेत भरती झालेला नव्हता.