माईकवरचा माणूस

सुरगाण्यात रेसकोर्स नाही. शर्यत म्हटली की आपल्याला आठवतो तो बैलगाड्यांचा घाट आणि कर्ण्यातून कानठळ्या बसवणारा निवेदक. खेळ विशेषांक काढायचं ठरलं, तेव्हा आम्हाला आधी तोच आठवला.

पुणे जिल्ह्यातल्या घाटांत गाड्यापुढे घोडी पळते. काही सेकंदांचा खेळ. तेवढ्यात मालकाचं नाव, गाव, बैलांचा लौकिक, सगळं सांगायचं आणि वर 'भिर्रर्र'ही ठोकायचं! 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या बंदीने हे माईक थंडावले. डिसेंबर 2021 मध्ये सशर्त परवानगी मिळाली, मे 2023 मध्ये घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. बैलमालकांविषयी रकानेच्या रकाने छापून आले. निवेदकाच्या बुडालेल्या हंगामांविषयी मात्र आमच्या तरी फारसं वाचनात आलं नाही.

तिकडे बीबीसीचे पीटर ओ'सलिव्हन 1997 पर्यंत, तब्बल पन्नास वर्षं, घोड्यांच्या शर्यती सांगत राहिले. त्याच वर्षी त्यांना 'सर' किताब मिळाला. 1974 साली चेल्टनहॅमला त्यांचा स्वतःचा घोडा अटिव्हो जिंकला. आवाज न चढवता, परक्याचं नाव घ्यावं तसं मालक म्हणून स्वतःचं नाव सांगून ते मोकळे झाले. आपल्या घाटात हे जमायचं नाही, आणि खरं सांगायचं तर जमूही नये.

वाचकांपैकी कुणाकडे जुन्या शर्यतींच्या कॅसेटी पडून असतील, तर कळवा. ऐकायला आम्ही येऊ, टेपरेकॉर्डरसकट.