सीमाभागातील एका विद्यार्थिनीचे राजकारण

हुतात्मा दिन असो, काळा दिवस असो किंवा एखाद्या गावातील वाचनालयाचा वर्धापनदिन असो, सीमाभागातील सभेत एक वाक्य हमखास ऐकू येते : 'तरुण येत नाहीत.' बोलणारा बहुधा साठी उलटलेला असतो. १७ जानेवारी १९५६ चा गोळीबार त्याने वडिलांच्या तोंडून ऐकलेला असतो आणि १ जून १९८६ च्या कन्नडसक्तीविरोधी आंदोलनात तो स्वतः रस्त्यावर असतो. त्याची खंत खरी आहे, यात शंका नाही. परंतु त्या खंतीच्या पोटात एक आरोपही दडलेला असतो. आजच्या महाविद्यालयीन मुलांना राजकारणात रस नाही, भाषेची चाड नाही, नोकरी आणि मोबाइल यांपलीकडे त्यांचे जग नाही, असा तो आरोप. आम्हांला तो मान्य नाही. दाखले, शपथपत्रे आणि क्वचित जामीन यांच्या निमित्ताने जे विद्यार्थी आमच्याकडे येतात, त्यांच्याशी बोलल्यावर तर तो मुळीच टिकत नाही.

त्यांपैकी एकीविषयी येथे लिहावयाचे आहे. नाव सांगण्याचे कारण नाही; तिच्यासारख्या पुष्कळ आहेत. ती खानापूर तालुक्यातली, वाणिज्य शाखेच्या शेवटच्या वर्षाला शिकणारी. आजोबा साराबंदीच्या लढ्यात होते. वडील उद्यमबागेतील एका फौंड्रीत काम करतात, आई गावातील बचत गट सांभाळते. तिचा जन्म २००५ चा. महाराष्ट्राने घटनेच्या १३१ व्या अनुच्छेदाखाली सर्वोच्च न्यायालयात दाखल केलेला सीमाप्रश्नाचा मूळ दावा २००४ चा, म्हणजे तिच्याहून वयाने मोठा. दोन राज्यांतील त्या दाव्याचा निकाल लागण्यापूर्वी तिची शाळा संपली, पी.यू.सी. संपली आणि आता पदवीही संपत आली.

आमच्याकडे ती आली ती धाकट्या भावाच्या कामासाठी. महाराष्ट्रातील अभियांत्रिकी प्रवेशप्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागात राहणाऱ्या, तेथेच दहावी वा बारावी झालेल्या आणि मातृभाषा मराठी असलेल्या उमेदवारांसाठी स्वतंत्र प्रकार आहे. त्यासाठी रहिवासाचा आणि मातृभाषेचा असे दोन दाखले लागतात. 'माझ्या भावाची मातृभाषा मराठी आहे हे सिद्ध करायला कन्नडमधली कागदपत्रे जोडावी लागतात,' असे ती सहज म्हणाली. तिला त्यात काही विनोद वाटला नाही. तिच्या घरातले रेशन कार्ड कन्नडमध्ये आहे, जमिनीचा उतारा कन्नडमध्ये आहे, ग्रामपंचायतीची नोटीस कन्नडमध्ये येते. ज्या आजोबांनी भाषेसाठी शेतसारा नाकारला त्यांना स्वतःच्या शेताचा उतारा वाचता येत नाही. नात तो त्यांना वाचून, मराठीत अर्थ लावून सांगते. कन्नड ती शाळेत शिकली आणि चांगली शिकली. तिच्या दोन जिवलग मैत्रिणी कन्नडभाषक आहेत.

आता तिच्या राजकारणाकडे वळू. तिला सर्वांत जास्त आस्था आहे ती म्हादईची. तिचे आजोळ कणकुंबीच्या बाजूचे. म्हादई आणि मलप्रभा या दोन्ही नद्या खानापूर तालुक्यात उगम पावतात. एक पश्चिमेला गोव्यात उतरून मांडवी होते, दुसरी पूर्वेला कृष्णेच्या खोऱ्यात जाते. पश्चिमेचे पाणी पूर्वेला वळविण्याचा कळसा-भांडुरा प्रकल्प हा गोवा आणि कर्नाटक यांच्यातील वादाचा गाभा आहे. म्हादई लवादाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिलेल्या निवाड्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी, गोव्याला २४ टीएमसी आणि महाराष्ट्राला १.३३ टीएमसी पाणी दिले, हे आकडे या मुलीला तोंडपाठ आहेत. कर्नाटकाच्या वाट्यातले खोऱ्याबाहेर नेण्याचे पाणी किती, कोणते जंगल त्याखाली जाते, कोणत्या नाल्यावर काय बांधायचे आहे, हे तिने नकाशा काढून आम्हांला दाखविले. तिला एका सभेत या विषयावर चार शब्द बोलायचे होते. 'हा आपला विषय नव्हे, आपला विषय सीमाप्रश्न आहे,' असे सांगून तिला बसविण्यात आले.

हे आम्हांला अतिशय दुर्दैवी वाटते. ज्या तालुक्यासाठी आम्ही सत्तर वर्षे भांडतो आहोत, त्या तालुक्याचे पाणी आणि जंगल हा आमचा विषय नसेल तर आमचा विषय म्हणजे केवळ नकाशावरील रेघ एवढाच उरतो. शिवाय गोव्यातील मराठीभाषक वाचकांना हे वेगळे सांगावयास नको की या एका प्रश्नावर खानापूरचा खेडूत आणि सत्तरीचा शेतकरी यांचे हित एकाच बाजूला आहे. एका विद्यार्थिनीला जे दिसले ते व्यासपीठावरील मंडळींना दिसू नये, याला रस नसणे म्हणतात. आणि तो तरुणांचा नव्हे.

तिच्या राजकारणातील दुसरा धागा अधिक अडचणीचा आहे. ती रोज सरकारी बसने बेळगावला येते आणि जून २०२३ पासून कर्नाटकाच्या शक्ती योजनेमुळे तिला तिकीट पडत नाही. आईला गृहलक्ष्मी योजनेचे महिना २००० रुपये मिळतात. फौंड्रीतील पगारावर चालणाऱ्या घराला या दोन गोष्टींचा आधार किती, याचा हिशेब वाणिज्य शाखेच्या मुलीने मांडून दाखवावा लागत नाही. महाराष्ट्राच्या लाडकी बहीण योजनेत तिची आई बसत नाही, कारण ती महाराष्ट्राची रहिवासी नाही. सभेत ८६५ गावे आमची, आणि अर्ज भरताना मात्र ती दुसऱ्याची. घरात निवडणुकीच्या वेळी मत कोणाला द्यायचे यावरून आजोबा आणि आई यांच्यात वाद होतो. २०१८ आणि २०२३ या दोन्ही विधानसभा निवडणुकांत महाराष्ट्र एकीकरण समितीचा एकही उमेदवार निवडून आला नाही, त्याची कारणे अंतर्गत गटबाजीत आणि राष्ट्रीय पक्षांच्या पैशांत शोधली जातात. ती कारणे खोटी नाहीत. परंतु या स्वयंपाकघरातील वादाची नोंद कोणी घेतली नाही. आई मराठी सोडून गेलेली नाही. ती घरखर्चाचे राजकारण करते आहे, आणि तिला देण्यासारखे उत्तर आमच्याजवळ नव्हते.

तिसरी गोष्ट एका प्रश्नाची. याच मुलीने एकदा विचारले : 'महाराष्ट्रात शाळांना मराठी सक्तीची केली तर ती योग्य आणि इथे कन्नड सक्तीची केली तर ती अन्याय, हे कसे?' प्रश्न ऐकून शेजारी बसलेले एक ज्येष्ठ कार्यकर्ते संतापले. 'कोणी शिकवले तुला हे?' असे त्यांनी विचारले. आमच्या मते हा प्रश्न कोणी शिकवावा लागत नाही. विचार करणाऱ्या कोणत्याही विद्यार्थ्याला तो पडलाच पाहिजे. त्याचे उत्तरही आहे, फक्त ते द्यावे लागते. २००४ च्या उषा मेहता खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातील गुजराती अल्पसंख्याकांच्या शाळांमध्ये मराठी हा विषय अनिवार्य करण्याचे धोरण वैध ठरविले. राज्यात राहणाऱ्याला राज्याची भाषा विषय म्हणून शिकविता येते, हे तत्त्व तेथे मान्य झाले, आणि ते मुंबईत खरे असेल तर बेळगावातही खरे आहे. हे आम्ही मोकळेपणाने म्हटले पाहिजे. कन्नड शिकण्याला आमचा विरोध असण्याचे कारण नाही. आमची मुले ती शिकलीच आहेत. आमची तक्रार निराळी आहे. शिक्षणाचे माध्यम निवडण्याचा अधिकार पालकाचा आणि पाल्याचा आहे, शासनाचा नव्हे, असे घटनापीठाने २०१४ मध्ये कर्नाटकाच्याच प्रकरणात सांगितले. मराठी शाळेत शिक्षकच नेमला नाही तर तो अधिकार कागदावर राहतो. मराठी माणसाला त्याच्या जमिनीचा कागद त्याला कळेल अशा भाषेत न देणे हा अन्याय आहे. कन्नडचा तास हा अन्याय नव्हे. या दोहोंची गल्लत आमच्याच वक्त्यांनी वर्षानुवर्षे केली, आणि मग विद्यार्थ्याने बोट ठेवले की त्याच्या निष्ठेची चौकशी सुरू होते.

निष्ठेचा विषय निघाला म्हणून थोडे विषयांतर. ही मुलगी बोलताना 'मी येतो', 'मी जातो' असे म्हणते. बेळगाव-कोल्हापूरकडील स्त्रियांच्या बोलीत हे रूप सर्रास आहे. कन्नडमध्ये प्रथमपुरुषी क्रियापदाला लिंगभेद नसतो, आणि शेजारच्या भाषेचा हा संस्कार असावा असे मानले जाते. पुण्यात एका मुलाखतीला गेली असता समोरच्यांनी हसून विचारले, 'तुम्ही मराठी ना?' बंगळुरात तिच्या आडनावावरून तिला हाच प्रश्न दुसऱ्या सुरात विचारला जातो. सीमाभागातील मराठीसाठी अश्रू ढाळणाऱ्यांनी ती मराठी प्रत्यक्षात कशी बोलली जाते हे एकदा ऐकून घ्यावे. 'सीमाभाग' या शब्दाविषयीही तिची तक्रार आहे. तो शब्द मुंबईत उभे राहून पाहणाऱ्याचा आहे, असे ती म्हणते. तिचे गाव कशाच्याही कडेला नाही, चार वाड्यांच्या मधोमध आहे. आम्ही हा शब्द अजून वापरतो, कारण न्यायालयात आणि वर्तमानपत्रात तोच चालतो. तरी तिचे म्हणणे खोडून काढता आलेले नाही.

आता ज्यासाठी हा लेख लिहिला त्या मुद्द्याकडे येऊ. दर वर्षी १ नोव्हेंबर जवळ आला की 'विद्यार्थ्यांनी मोठ्या संख्येने सहभागी व्हावे' असे आवाहन निघते. फेरीला परवानगी असते किंवा नसते. गुन्हे मात्र बहुधा नोंदले जातात. बेकायदा जमावाचे कलम लागते, आणि घोषणांचा अर्थ कसा लावला जातो त्यावर दोन गटांत शत्रुत्व वाढविण्याचे कलमही लागते. पूर्वीच्या दंडसंहितेत ती १४३ आणि १५३अ होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत ती १८९ आणि १९६ झाली. साठ वर्षांच्या कार्यकर्त्याच्या दृष्टीने असा खटला हा अंगावरचा अलंकार असतो, आणि काही वेळा तिकिटाच्या वेळी उपयोगीही पडतो. वीस वर्षांच्या विद्यार्थ्याचे तसे नाही. पासपोर्ट कायद्याच्या कलम ६(२)(फ) नुसार फौजदारी न्यायालयात खटला प्रलंबित असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. न्यायालयाची परवानगी आणून तो मिळविता येतो, पण त्यासाठी अर्ज, तारखा आणि वकील लागतो. सरकारी नोकरीच्या साक्षांकन अर्जात प्रलंबित खटल्यांचा रकाना असतो. तो कोरा सोडला आणि पुढे उघड झाले तर मिळालेली नोकरीही जाऊ शकते. हे सारे आवाहनाच्या पत्रकात कोठेही नसते.

म्हणून विद्यार्थ्यांनी फेरीत येऊ नये, असे आमचे म्हणणे नाही. शांततेने एकत्र जमणे हा अनुच्छेद १९ ने दिलेला अधिकार आहे आणि तो वापरला नाही तर गंजतो. परंतु बोलावणाऱ्याने किंमत सांगितली पाहिजे आणि तिचा वाटा उचलला पाहिजे. फेरीच्या आधी वकिलांची यादी तयार असावी, जामीनदार ठरलेले असावेत, विद्यार्थ्याला गुन्ह्याच्या नोंदीची प्रत कशी मिळवायची हे ठाऊक असावे, आणि त्याचा खटला संपेपर्यंत कोणीतरी प्रत्येक तारखेला त्याच्यासोबत उभे राहावे. एवढे करण्याची तयारी नसेल तर 'तरुण येत नाहीत' ही तक्रार करण्याचा अधिकार आम्हांला उरत नाही. तरुणांनी हिशेब केलेला आहे, आणि तो बरोबर आहे.

रस्त्याखेरीज दुसरे एक काम आहे, ते या मुलीसारख्यांच्या हातून उत्तम होईल. अनुच्छेद ३५० प्रमाणे कोणत्याही व्यक्तीला आपले गाऱ्हाणे संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत शासनाच्या अधिकाऱ्यापुढे मांडता येते. १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५०अ आणि ३५०ब हे अनुच्छेद आले : पहिला प्राथमिक शाळेत मातृभाषेतून शिक्षणाची सोय करण्याविषयी, दुसरा भाषिक अल्पसंख्याकांसाठी विशेष अधिकारी नेमण्याविषयी. जेथे भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के वा अधिक आहेत तेथे महत्त्वाच्या शासकीय सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, ही संरक्षणाच्या योजनेतील मान्य गोष्ट आहे. यांपैकी कशासाठीही २००४ च्या दाव्याच्या निकालाची वाट पाहावी लागत नाही. इंदूर, वडोदरा, हैदराबाद येथील मराठी मंडळींना तर सीमेचा दावा कधीच नव्हता. जे काही मिळाले ते त्यांनी संस्था चालवून आणि अर्ज करून मिळविले. त्यांच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही.

या वर्षी त्या विद्यार्थिनीने गावातील चौघींना घेऊन तीन अर्ज मराठीत लिहिले. एक ग्रामपंचायतीच्या नोटिसा मराठीतही लावण्याविषयी, दुसरा मराठी शाळेतील रिक्त शिक्षकपदाविषयी, तिसरा सकाळच्या बसविषयी. पहिले दोन अर्ज 'कन्नडमध्ये आणा' असे सांगून एका खिडकीवर परत करण्यात आले. तिने अनुच्छेद ३५० चा मजकूर कन्नडमधून वाचून दाखविला, तेव्हा ते स्वीकारले गेले. तिन्हींच्या पोचा तिच्याकडे आहेत. तीस दिवसांत उत्तर आले नाही तर माहितीच्या अधिकाराखाली पुढचा अर्ज द्यावयाचा, त्याचा मसुदा तिने आम्हांला दाखवायला आणला होता. त्यात आम्ही एक तारीख तेवढी दुरुस्त केली.