मोफत गुणांकाचे मोल

पत हा शब्द मराठी माणसाने फार जपून वापरला आहे. ‘बाजारात त्याची पत आहे’ असे कुणाविषयी म्हटले की पुढे काही विचारायचे उरत नसे. गावातला वाणी उधारी देताना कोणताही अहवाल मागवीत नव्हता. घराणे, शेतीवाडी आणि मागच्या सुगीचा हिशेब त्याच्या डोक्यात असे. त्या पद्धतीत अन्यायही पुष्कळ होता. ज्याचे घराणे वाण्याला ठाऊक नाही, त्याला पत नाही, असा तो सरळ न्याय. आज तीच पत तीन अंकांत मावते आणि ती जाणून घेण्यासाठी कुणाच्या दुकानाची पायरीही चढावी लागत नाही. मोबाइलवर पॅन क्रमांक घातला, आलेला ओटीपी टंकला, की मिनिटभरात आकडा समोर येतो आणि तोही फुकट.

बंगळुरूच्या एचएसआर लेआउटमध्ये काम करीत असताना हा आकडा मला दिवसातून अनेकदा दाखविला जातो. होसूर-सरजापूर रोड लेआउट हे या वस्तीचे पूर्ण नाव, पण आता ते फारसे कुणी उच्चारीत नाही. अगरा तळ्यापासून पुढे पसरलेल्या या सेक्टरांतून नवउद्योगांची कार्यालये आणि त्यांत काम करणाऱ्या तरुणांची भाड्याची घरे दाटीने उभी आहेत. पुणे, कोल्हापूर, बेळगाव, नागपूर अशा ठिकाणांहून आलेला मराठी तरुणही येथे वारंवार भेटतो. शाखेत येण्यापूर्वीच त्याने तीन बँकांचे व्याजदर पाहिलेले असतात, हप्त्याचे गणित मांडलेले असते आणि स्वतःचा गुणांक तर त्याला तोंडपाठ असतो. उलट आमच्या बँकिंग क्षेत्रातील बरीच मंडळी ‘असल्या फुकटच्या आकड्यावर विसंबू नका’ एवढे सांगून विषय संपवितात. मला वाटते, दोघांचेही थोडे चुकते.

काही महिन्यांपूर्वीचा एक प्रसंग सांगतो. गडहिंग्लजकडचा एक संगणक अभियंता पन्नास लाखांच्या गृहकर्जासाठी आला. ॲपवर त्याचा गुणांक 781. त्या भरवशावर त्याने सदनिकेसाठी दोन लाख रुपये बयाणाही देऊन टाकला होता. आम्ही रीतसर अहवाल मागविला तर गुणांक निघाला 668. मुलाचा चेहरा उतरला आणि पाठोपाठ रागही आला. ‘साहेब, तुमचा आकडा खरा की माझा?’ हा त्याचा प्रश्न अगदी रास्त होता, आणि त्याचे उत्तर माझ्याजवळ तयार नव्हते, हे मी मोकळेपणाने कबूल करतो.

अहवालाची पाने उलटल्यावर उलगडा झाला. काही वर्षांपूर्वी त्याने मावसभावाच्या टेम्पोच्या कर्जाला गावाकडच्या एका नागरी सहकारी बँकेत जामीनदार म्हणून सही केली होती आणि तो ती पार विसरून गेला होता. मावसभावाचे तीन हप्ते थकले, त्याची नोंद याच्याही अहवालात उमटली. पुढे मावसभावाने थकबाकी भरली, मात्र ती भरल्याची माहिती त्या बँकेकडून पुढे गेलीच नाही. ॲपने ज्या कंपनीकडून गुणांक घेतला होता, तिच्या दप्तरात ही जामीनकी मुळी नोंदलेलीच नव्हती. आम्ही जिच्याकडून घेतला, तिच्या दप्तरात ती होती पण शिळी होती. म्हणजे दोन्ही आकडे आपापल्या दप्तराशी प्रामाणिक होते आणि दोन्ही अपुरे होते.

मोफत सेवांच्या विश्वासार्हतेची चर्चा होते तेव्हा नेमकी हीच गोष्ट नजरेआड होते. ॲप गुणांक स्वतः तयार करीत नाही. आपल्या देशात पतमाहिती कंपन्या चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. सिबिलची स्थापना 2000 साली झाली. 2005 च्या पतमाहिती कंपन्या (नियमन) कायद्याने या व्यवसायाला चौकट दिली आणि बाकीच्या कंपन्या त्यानंतर आल्या. आपण मात्र फोटोप्रतीला झेरॉक्स म्हणतो तसे कोणत्याही पतगुणांकाला ‘सिबिल’ म्हणून मोकळे होतो. पैसाबाजार असो, बँकबाझार असो की पुण्याचे वनस्कोअर, या सेवा यांपैकी एका किंवा अधिक कंपन्यांचा गुणांक ग्राहकाच्या संमतीने आणून दाखवितात. तो बनावट नसतो. पण चारही कंपन्यांची गणिते वेगळी आणि दप्तरेही थोडीफार वेगळी. प्रत्येक कर्जदात्या संस्थेने चारही कंपन्यांचे सदस्य व्हावे, असा आदेश रिझर्व्ह बँकेने 2015 च्या जानेवारीत दिला. त्याआधीच्या कर्जांचा इतिहास एका ठिकाणी सापडतो आणि दुसऱ्या ठिकाणी सापडत नाही, याचे आश्चर्य वाटण्याचे कारण नाही.

काळाचाही प्रश्न आहे. ॲपवर दिसणारा आकडा पुष्कळदा महिन्यापूर्वी आणून ठेवलेला असतो आणि त्याखालची तारीख इतक्या बारीक अक्षरांत असते की ती वाचण्याच्या फंदात कुणी पडत नाही. बँकांनी महिन्याऐवजी किमान पंधरवड्याला माहिती पाठवावी, हा नियम 1 जानेवारी 2025 पासून लागू झाला, तेव्हापासून शिळेपणा कमी झाला आहे, संपलेला नाही. क्रेडिट कार्डाचेच पाहा. दरमहा संपूर्ण बिल न चुकता भरणारा तरुण ‘माझ्यावर एक पैचे कर्ज नाही’ असे ठासून सांगतो. पण बिल निघाल्यानंतर आणि भरण्यापूर्वी जर माहिती पाठविली गेली, तर अहवालात तो कार्डाची मर्यादा जवळजवळ संपवून बसलेला दिसतो आणि गुणांक काही अंकांनी घसरतो. पुढच्या खेपेस तो पुन्हा चढतो. अशा चढउताराने झोप उडवून घेणारे ग्राहक मी पाहिले आहेत.

आता ‘फुकट’ या शब्दाविषयी. आपल्याकडे फुकटच्या वस्तूविषयी एकाच वेळी ओढ आणि संशय असतो. येथे संशय अधिक उपयोगी आहे. गुणांक दाखविणाऱ्या सेवेची कमाई गुणांकावर होत नाही. त्या आकड्याखाली मांडलेली कर्जे आणि कार्डे विकली गेली की कर्जदात्या संस्थेकडून तिला दलाली मिळते. दलाली घेणे हा गुन्हा नव्हे. परंतु ‘तुमच्यासाठी पूर्वमंजूर’ अशी पाटी झळकते, तेव्हा ती कुणी मंजूर केली, हे विचारले पाहिजे. अमेरिकेत क्रेडिट कर्मा या मोठ्या मोफत सेवेविरुद्ध तेथील फेडरल ट्रेड कमिशनने 2022 च्या सप्टेंबरात नेमका हाच आक्षेप घेतला. ज्यांना ‘पूर्वमंजूर’ म्हणून कार्डे दाखविली, त्यांतील अर्ज करणाऱ्या जवळजवळ एकतृतीयांश लोकांना नकार मिळाला, असे आयोगाचे म्हणणे होते. कंपनीला 30 लाख डॉलर देणे भाग पडले. नुकसान केवळ निराशेचे नव्हते. प्रत्येक अर्जाबरोबर कर्जदात्याची एक चौकशी अहवालात नोंदली गेली आणि गुणांकाला ओरखडा पडला. आपला गुणांक आपण कितीदाही पाहिला तरी तो कमी होत नाही, हे खरेच आहे. तो पाहता पाहता चार ठिकाणी अर्ज टाकले तर मात्र होतो. ही सीमारेषा मोबाइलच्या पडद्यावर एका बोटाच्या अंतरावर असते.

इतके सांगूनही या सेवांना मी टाकाऊ म्हणणार नाही. 2022 च्या फेब्रुवारीत एका झटपट कर्ज देणाऱ्या ॲपवरून परक्यांच्या पॅन क्रमांकांवर कर्जे उचलली गेल्याच्या तक्रारी देशभरातून आल्या. ज्यांनी एक रुपयाही घेतला नव्हता, त्यांना आपल्या नावावर थकबाकी असल्याचे समजले ते पतअहवाल पाहिल्यामुळे. अहवाल पाहण्याची सवय नसती तर ही माणसे वर्षानुवर्षे अंधारात राहिली असती. गुणांक पाहण्याची ही सवय सामान्य माणसाला लावली ती फुकटच्या ॲपांनी. आम्ही बँकवाल्यांनी लावली नाही. आमच्या दृष्टीने तो अहवाल बराच काळ कार्यालयीन गुपितच होता. सिबिलचा गुणांक कर्जदात्या संस्थांना 2007 पासून मिळू लागला, पण ज्याचा गुणांक त्याला तो मिळण्यास 2011 साल उजाडावे लागले!

आणि वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल गुणांकासह विनामूल्य मिळणे हा तर ग्राहकाचा हक्कच आहे. रिझर्व्ह बँकेने 1 सप्टेंबर 2016 रोजी तसे निर्देश दिले आणि 2017 च्या जानेवारीपासून ते लागू झाले. चार कंपन्या, म्हणून चार अहवाल. दर तिमाहीस एक मागविला तरी वर्षभराची राखण होते, आणि त्यासाठी कुणाच्या जाहिराती पाहाव्या लागत नाहीत. आकड्यावरून नजर हटवून आतली पाने वाचण्याचा कंटाळा तेवढा सोडावा लागतो. ‘सेटल्ड’ म्हणून बंद केलेले एखादे कार्ड, वार्षिक शुल्काची विसरलेली थकबाकी, चुकीची जन्मतारीख, आणि हो, मावसभावाचा टेम्पो, हे सारे आतल्या पानांत असते.

ग्राहकाला चार गोष्टी सांगितल्या. आता घरचा आहेर. अहवालातील चुका पतमाहिती कंपनी सहसा स्वतः निर्माण करीत नाही. त्या कुठल्या तरी शाखेतल्या संगणकावर जन्मतात. कर्ज फिटले आणि खाते बंद केल्याची खूण करायची राहिली. जामीनदाराचा पॅन क्रमांक एका अक्षराने चुकला. तडजोडीने मिटविलेले खाते ‘निर्लेखित’ राहून गेले. आपल्या दृष्टीने ती एक ओळ असते. तीच ओळ बंगळुरूतल्या मुलाच्या बयाण्याचे दोन लाख बुडवू शकते. नकार न मिळता नुसता अर्धा टक्का व्याज वाढले तरी काय होते, ते पाहा : पन्नास लाखांवर वीस वर्षांसाठी साडेआठ टक्क्यांनी हप्ता सुमारे 43,391 रुपये येतो आणि नऊ टक्क्यांनी 44,986. महिन्याला 1,595 रुपये, म्हणजे मुदत संपेपर्यंत पावणेचार लाखांहून अधिक.

रिझर्व्ह बँकेने कर्जासाठी किमान गुणांक ठरविलेला नाही. गुणांक हे साधन आहे. निर्णय उत्पन्न, नोकरी, परतफेडीची ताकद पाहून माणसाने घ्यायचा आहे. पीककर्जासाठी सिबिलचा आग्रह धरणाऱ्या बँकांना 2025 साली महाराष्ट्राच्या मुख्यमंत्र्यांनी राज्यस्तरीय बँकर्स समितीच्या बैठकीत कडक शब्दांत सुनावले, त्यामागचा रोष आपण समजून घेतला पाहिजे. ज्या आकड्याची फोड करून सांगता येत नाही, तो आकडा पुढे करून माणसाला परत पाठविले की तो चिडणारच, मग तो एचएसआरमधला असो वा हातकणंगल्यातला.

2005 च्या कायद्याच्या कलम 21 नुसार, कर्ज मागणारा ग्राहक आम्ही मागविलेल्या पतमाहितीची प्रत आमच्याकडून मागू शकतो. माझ्या आजवरच्या नोकरीत ती कुणी आपणहून मागितल्याचे मला आठवत नाही, आणि आम्हीही कुणाला आपणहून सांगितल्याचे आठवत नाही. माझी सूचना अशी की कर्ज नाकारताना किंवा व्याजदर वाढविताना ही प्रत मागता येते, हे पत्रातच छापावे, आणि ज्या नोंदीमुळे निर्णय झाला त्या नोंदीवर अधिकाऱ्याने बोट ठेवून दाखवावे. दहा मिनिटे जातील. दुरुस्तीच्या तक्रारीचेही तसेच. 2024 च्या एप्रिलपासून तीस दिवसांत तक्रार न सुटल्यास ग्राहकाला दररोज शंभर रुपये भरपाई द्यावी लागते. त्यांतील पहिले एकवीस दिवस कर्जदात्या संस्थेच्या वाट्याचे. आपल्या शाखेत आलेली अशी तक्रार एकविसाव्या दिवसाची वाट पाहत ट्रेमध्ये पडून राहते का, हे प्रत्येकाने आपापल्या टेबलावर पाहावे.

गडहिंग्लजच्या त्या तरुणाला आम्ही प्रत दिली. मावसभावाने थकबाकी भरल्याच्या पावत्या पाठविल्या, पतमाहिती कंपनीकडे तक्रार नोंदविली गेली, आणि बांधकाम व्यावसायिकाने बऱ्याच विनवण्यांनंतर महिनाभराची मुदत दिली. सव्विसाव्या दिवशी नोंद दुरुस्त झाली. नव्याने मागविलेल्या अहवालात गुणांक 742 होता आणि कर्ज मंजूर झाले. त्याच्या मोबाइलवर त्या दिवशीही 781 च दिसत होते. या खेपेस मात्र त्याने आधी आकड्याखालची तारीख मोठी करून पाहिली आणि मग तो गुणांक कोणत्या कंपनीचा आहे, ते मला वाचून दाखविले.