बी.एस्सी. झालेला कथाकार



गेल्या आठवड्यात एका गावी सोयाबीनच्या बीजप्रक्रियेवर बोलत होतो. दहाव्या मिनिटाला मागची मंडळी उठून गेली. राग आला. परतताना एसटीत मात्र 'हम लोग' आठवली.

ही मालिका जुलै १९८४ मध्ये दूरदर्शनवर सुरू झाली. दारुडा बसेसर राम, सोशिक भागवंती, बडकी, मझली, छुटकी तुमच्यापैकी अनेकांना आठवत असतील. ती लिहिणारे मनोहर श्याम जोशी. आडनावावरून आपल्याकडचे वाटतील, पण घराणे कुमाऊंचे, जन्म अजमेरचा, १९३३ चा. वडील लहानपणीच गेले. लखनौ विद्यापीठातून विज्ञानाचे पदवीधर झाले, म्हणजे आमच्यासारखेच बी.एस्सी.! पुढे मास्तरकी, कारकुनी आणि बेकारी तिन्ही चाखली आणि २१ व्या वर्षापासून लेखणीवरच पोट भरले. आकाशवाणी, फिल्म्स डिव्हिजन, मग दिल्लीत 'साप्ताहिक हिंदुस्तान'चे संपादकपद. मालिका हाती आली ती पन्नाशी गाठल्यावर.

सरकारला हवा होता कुटुंबनियोजनाचा प्रचार. कल्पना मेक्सिकोतल्या मालिकांवरून घेतलेली. पहिल्या भागांत उपदेशच फार झाला आणि प्रेक्षक कुरकुरू लागले. सुमारे १३ भागांनंतर उपदेश मागे सरला; घरातली भांडणे, हुंडा, मुलींची धडपड पुढे आली. मग लोक टीव्हीसमोरून हलेनात. भागाच्या शेवटी अशोककुमार दोन शब्द बोलत. पत्रे तर लाखांनी आली.

खरी गंमत पुढेच आहे. आम्ही कृषी विस्तारवाले ज्यांचे नाव शिकतो ते एव्हरेट रॉजर्स (हे आयोवातल्या शेतकऱ्याचे चिरंजीव) आणि अरविंद सिंघल यांनी या मालिकेच्या प्रेक्षकांचा अभ्यास केला. मुकाट सोसणारी भागवंती उभी केली होती ती 'असे राहू नका' हे दाखवायला. पुष्कळ प्रेक्षकांनी, बायकांनीसुद्धा, तिलाच आदर्श मानले! पेरले एक, उगवले भलतेच. जोशींसारख्या कसलेल्या लेखकाचे असे झाले, तिथे माझ्या तक्त्याची काय कथा?

त्यांनी पुढे १९८६ मध्ये फाळणीवरची 'बुनियाद' लिहिली. २००५ साली 'क्याप' कादंबरीला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला आणि २००६ मध्ये ते गेले.

येत्या बुधवारी त्याच गावी पुन्हा जायचे आहे. तक्ता घरीच ठेवणार. गेल्या हंगामात ज्या ताईंचे बियाणे उगवले नाही, त्यांनाच आधी बोलायला सांगेन. त्या कबूल झाल्या तर.