प्रकल्पाची वही आणि दुकानाची किर्द

सहामाही जवळ आली की पालकांची पावले स्टेशनरीच्या दुकानाकडे वळतात. ज्वालामुखी, पवनचक्की, सूर्यमाला, जे हवे ते तयार मिळते. माहिती मोबाइलवरून उतरवली जाते, मुखपृष्ठ आई रंगवते. मुलाच्या वाट्याला फक्त नाव लिहिणे उरते. व्यापारी घरांत हे कुणाला खटकू नये याचे नवल वाटते. पावतीशिवाय रक्कम आपण किर्दीला धरीत नाही. मुलाच्या वहीतील आकडा कोठून आला, हे मात्र विचारीत नाही.

शाळकरी वयात संशोधन आणि तंत्रज्ञान कसे शिकवावे, याचा धडा आपल्याच राज्यात चाळीस वर्षांपूर्वी घालून दिला गेला आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग हे अमेरिकेत पीएच.डी. केलेले शास्त्रज्ञ. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागातील नोकरी सोडून त्यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यातील पाबळ या दुष्काळी पट्ट्यातील गावी विज्ञान आश्रम सुरू केला. तेथून शाळांत गेलेल्या ‘मूलभूत तंत्रज्ञान’ या विषयात आठवी ते दहावीची मुले आठवड्यातून एक दिवस हातांनी काम करतात. वेल्डिंग, विजेची जोडणी, मातीचे परीक्षण, फेरोसिमेंटची टाकी अशी गावाला खरोखर लागणारी कामे. मला सर्वांत भावते ते पुढचेच: केलेल्या वस्तूचा खर्च काढायला मुलांना शिकवले जाते. लोखंड किती लागले, वाया किती गेले, वीज किती, मजुरी किती. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला परिव्यय लेखांकन पुस्तकातून कळते. येथे ते नववीतल्या मुलाला पत्रा कापताना कळते. पुढे २००२ साली अमेरिकेतील एमआयटीच्या सहकार्याने पाबळला फॅब लॅबही झाली. आधी गरज, मग यंत्र, असा तेथला क्रम.

२०१६ पासून केंद्राच्या अटल टिंकरिंग लॅब योजनेतून निवडलेल्या शाळांना वीस लाखांपर्यंत अनुदान मिळू लागले. योजना चांगलीच आहे. परंतु थ्री-डी प्रिंटरवर किल्ल्यांच्या साखळीचे लटकन छापून घेण्यापलीकडे मुले गेली नाहीत, तर ती रक्कम मी बुडीत खात्यात धरीन.

यंत्राविनाही प्रारंभ करता येतो, आणि कोल्हापुरात प्रश्न शोधायला लांब जावे लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ मध्ये पाणी ५५ फुटांच्या वर गेले. आपल्या दुकानाच्या उंबऱ्याला पाणी लागले, तेव्हा बंधाऱ्यावर किती फूट होते? हा आकडा इंटरनेटवर आयता मिळणार नाही. दुकान कोणत्या तारखेला बंद झाले ते किर्दीत सापडेल. त्या दिवसाची पातळी करवीर नगर वाचन मंदिरासारख्या ग्रंथालयात वर्तमानपत्रांचे जुने अंक चाळून मिळेल. शेजारच्या काकांची आठवण त्याच्याशी ताडून पाहावी. न जुळल्यास दोन्ही नोंदी ठेवून तसे लिहावे. मग सारे एक्सेलमध्ये भरून आलेख काढावा. तंत्रज्ञानाचे काम येथे सुरू होते, त्याआधी नाही.

हा अभ्यास नीट झाला, तर पुढच्या जुलैत माल माळ्यावर कधी चढवायचा, हे त्या घरात अंदाजाने ठरणार नाही. काही भिंतींवर पुराच्या पाण्याची रेघ अजून दिसते. दिवाळीचे रंगकाम निघण्यापूर्वी मुलांच्या हाती टेप द्यावी आणि ती मोजून घ्यावी.